डोमाजीच्या डोळ्यातली बांबूची काडी

डोमाजी मोहुर्ले आयुष्यात एकदाच खोटं बोलला, आणि ते एकच खोटं त्याने अकरा वर्षं चालवलं. बाकी माणूस इतका सरळ की त्याचा राग यावा. शेताच्या धुऱ्याच्या म्हणजे बांधाच्या भांडणात तो स्वतःच्या चुलतभावाविरुद्ध साक्ष देऊन आला आणि परतताना त्याच चुलतभावाच्या बैलबंडीत बसून गावात आला. दोघं वाटेत तंबाखू मळत होते म्हणे. असल्या माणसाला खोटं बोलायची सवय नसते, त्यामुळे एकदा बोलला की त्याला ते सोडताही येत नाही. ते खोटं सरकारी कागदावर उतरवणारा माणूस मी, त्यामुळे ही गोष्ट माझ्या सोयीची नाही, तरी सांगतो.

मी नानाजी रामटेके, चिचटोल्याच्या सरकारी दवाखान्यात कंपाउंडर. डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे, तेही बस चालू असली तर. उरलेले पाच दिवस पट्टी, गोळी, रजिस्टर आणि लोकांच्या शिव्या हे सगळं माझ्याकडे होतं.

१९७८ सालचा कार्तिक. गडचिरोली तेव्हा वेगळा जिल्हा झाला नव्हता, आम्ही चंद्रपुरातच मोडत होतो. भर दुपारी डोमाजी दवाखान्यात आला तो दुपट्टा डाव्या डोळ्यावर घट्ट धरून, आणि दुपट्ट्यातून रक्त गळत होतं. त्याच्यासोबत त्याचा साळा लच्छू होता. सतरा-अठरा वर्षांचा, सायकलच्या दुकानात काम करणारा. तो डोमाजीच्या खांद्यावर असा रेलला होता की जखमी कोण आणि सोबती कोण हे कळू नये.

"बांबू कापता कापता काडी घुसली," डोमाजी म्हणाला.

मी दुपट्टा बाजूला केला. भुवईच्या खाली एक गोल भोक होतं. बांबूची काडी चीर पाडते, भोक पाडत नाही. शिवाय बांबूची कटाई सुरू व्हायला अजून महिना होता, आणि कूप, म्हणजे कटाईचा जंगलपट्टा, उघडल्याशिवाय आमच्याकडे कोणी कोयता हातात घेत नाही. खोटं बोलायचं तर निदान हंगाम तरी पाहून बोलावं. पण मी जखम धुतली, पट्टी बांधली आणि रजिस्टरमध्ये लिहिलं: डाव्या डोळ्याला बांबूची काडी लागून जखम.

काय झालं ते सगळ्या गावाला माहीत होतं. धान पिकायला आलं की रानडुकरं बांध्यांत घुसतात, आणि गावात एक भरमार, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-छर्रे भरायची बिनपरवाना बंदूक, लपवलेली होती. सकाळी हाका झाला होता, म्हणजे आरडाओरड करून डुकरं बंदुकीपुढे हाकलायची शिकार. शिकारीला निघण्याआधी बंदूक जमिनीवर ठेवायची, प्रत्येकाने तिच्या नळीला हात लावायचा आणि बोलायचं की जंगलातलं जंगलात राहील, असा आमच्याकडचा रिवाज. कोणी मारलं, कोणाला लागलं, हे नाव तोंडातून निघायचं नाही. हाक्यात डोमाजी ओरडत पुढे येत होता, समोरून लच्छूने बार टाकला, डुक्कर पडलं आणि एक छर्रा येनाच्या झाडाला घासून डोमाजीच्या डोळ्यात गेला. तो दवाखान्यात पोचायच्या आधी त्याच्या वाट्याचं मटण पळसाच्या पानात बांधून त्याच्या घरी पोचलंही होतं. संध्याकाळी एक पुडा माझ्याही घरी आला. मी तो परत पाठवला नाही. दुपारी जे लिहिलं त्याची मला संध्याकाळी थोडी लाज वाटली, पण जेवताना वाटली नाही.

चंद्रपूरला जा, डोळा दाखव, असं मी त्याला दहादा सांगितलं. तो गेला नाही. तिथे डॉक्टर विचारतील, कागद करतील, कागद फारेष्टच्या ऑफिसात जाईल आणि तिथून शिपाई लच्छूला घ्यायला येतील, असा त्याचा हिशेब होता. सरकारी कागद कुठूनही निघाला तरी शेवटी फारेष्टमध्येच जातो असं आमच्याकडे अर्ध्या गावाला वाटायचं, आणि अनुभव तसाच होता. डोळा पिकला, मग पांढरा पडला, मग नुसता राहिला.

लच्छूचं एवढं काय, असं कोणी विचारेल. लच्छू हा डोमाजीच्या बायकोचा, बायनाबाईचा धाकटा भाऊ. आईबाप एकाच आठवड्यात हगवणीने गेले तेव्हा तो चार वर्षांचा होता. डोमाजीने त्याला सासरहून खांद्यावर बसवून आणला आणि पोटच्या पोरासारखा वाढवला. डोमाजीला स्वतःचं मूल झालं नाही. १९८४ साली लच्छू वनखात्यात लागला, वनरक्षक म्हणून. आमच्याकडे त्याला नाकेदार म्हणतात. ज्याने भरमार चालवली तोच आता लोकांच्या भरमारी शोधत हिंडणार, यावर गावात हसून घेतलं लोकांनी. डोमाजी हसला नाही. आता केसची भीती होतीच, तिच्यावर नोकरीची भीती चढली.

१९८९च्या जानेवारीत डोमाजीच्या उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं. आधी त्याने बिब्बा लावला, मग पुजाऱ्याकडून पोटावर डाग घेतले, आणि शेवटी माझ्याकडे आला. मी चिडलो, पण हात लावल्यावर चिडणं विसरलो. आत काहीतरी होतं. गडचिरोलीहून त्याला नागपूरला धाडलं. मी रजा टाकून सोबत गेलो, आणि लच्छूही आला, कारण त्याला हिंदी बोलता येत होतं.

नागपुरात सोनोग्राफीत यकृतावर गाठ निघाली, मोठ्या लिंबाएवढी. एका तरुण डॉक्टरने सुई टाकून तुकडा काढायची तयारी केली. बरगडीखालची जागा पुसून झाली होती, सुई ट्रेमध्ये होती, तेवढ्यात मोठे डॉक्टर आत आले आणि त्याचा हात धरला. मला बाहेर नेऊन त्यांनी समजावलं. ही गाठ कॅन्सरची असू शकते. किंवा ती नुसती रक्तवाहिन्यांची गुंतवळ असू शकते, जन्मापासूनची, जी माणसाला मरेपर्यंत काही करत नाही. दोन्ही इथे सारख्याच दिसताहेत, सीटी स्कॅननेही उलगडा झाला नाही. कॅन्सर असेल तर थांबण्यात जीव जातो, आणि रक्ताची गाठ असेल तर सुईने जीव जातो. मी विचारलं, मग करायचं काय? ते म्हणाले, मुंबईत एक नवीन मशीन आलं आहे, एमआरआय. तिथल्या डॉक्टर यकृताच्या गाठींचाच अभ्यास करताहेत, त्यांना चिठ्ठी देतो.

अशा रीतीने आम्ही तिघं मुंबईच्या एका मोठ्या दवाखान्याच्या तळघरात जाऊन बसलो. मला एमआरआय म्हणजे मोठा एक्सरे वाटला होता. एक्सरेचं मशीन मी पाहिलेलं होतं, त्यामुळे मी निर्धास्त होतो.

तिथल्या डॉक्टरीणबाईंचं नाव सबनीस. बोलायला बऱ्या, घाई न करणाऱ्या. त्यांनी सांगितलं की हे मशीन पोटाच्या एकाच जागेची एकामागून एक चार चित्रं काढतं. दर चित्रात सगळं थोडं थोडं विझत जातं, यकृत काळं पडतं, कॅन्सरची गाठही त्याच्यासोबत मंदावते. रक्ताची गाठ तेवढी उलटी वागते. ती उजळत जाते आणि शेवटच्या चित्रात कंदिलासारखी पांढरी दिसते. "गाठ उजळली तर माणूस सुटला," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी डोमाजीच्या हातातलं लोखंडी कडं काढायला लावलं, कमरेच्या करदोट्यातली किल्ली काढायला लावली, माझ्या खिशातला पेन्सिलीचा चाकूही बाहेर ठेवायला सांगितलं. मी विचारलं, एवढं कशाला? त्या म्हणाल्या, हे मशीन म्हणजे एक भलं मोठं लोहचुंबक आहे. मागच्या महिन्यात एक लोखंडी स्टूल हातातून सुटून उडत जाऊन त्याला चिकटलं, काढायला चार माणसं लागली. शरीरात लोखंड असलेला माणूस आत गेला तर ते लोखंड आतल्या आत सरकतं. डोळ्याजवळ असेल तर डोळा फुटतो, आणि मागे मेंदू आहे.

मी डोमाजीकडे पाहिलं. तो माझ्याचकडे पाहत होता, त्या एका डोळ्याने, आणि त्याने मान अगदी हलकी हलवली. नाही, असं.

डॉक्टरीणबाई पुढे विचारत होत्या. कधी ऑपरेशन झालं? नाही. हाडात सळई? नाही. गोळी, छर्रा, काही लागलेलं? नाही. मग त्यांचं लक्ष पांढऱ्या डोळ्याकडे गेलं. या डोळ्याला काय झालं होतं?

"बांबूची काडी लागली होती," डोमाजी म्हणाला.

त्यांनी ते लिहून घेतलं. लाकूड, म्हणजे हरकत नाही. मी बाकावर बसलो होतो, माझ्या पलीकडे लच्छू, खाकी पँटवर पांढरा सदरा घालून. तो जमिनीकडे पाहत होता. मी मनात म्हणालो, बोल. तू बोल, तुझं आहे हे. तो बोलला नाही. मीही बोललो नाही. मला म्हणता आलं असतं की मी लगेच उठलो, पण तसं झालं नाही. मी माझ्या रजिस्टरचा विचार करत होतो, खोटी नोंद, सरकारी नोकरी, पेन्शनला राहिलेली नऊ वर्षं. माणसाचा जीव टांगणीला लागलेला असताना मी माझी पेन्शन मोजत बसलो, ही गोष्ट मी अजून कोणाला सांगितलेली नव्हती.

डोमाजीला चाकांच्या पलंगावर निजवलं. दोन माणसं तो ढकलायला लागली. आतल्या खोलीचं दार जाड होतं, ते उघडलं. पलंग दारापाशी पोचला आणि डोमाजीने एकदम डाव्या डोळ्यावर तळवा दाबला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय झालं? तो म्हणाला, काही नाई, कचरा गेला असंन.

तेव्हा मी उठलो. माझा आवाज मोठा निघाला असावा, कारण पलंग ढकलणारे दचकून थांबले. मी म्हणालो की ती बांबूची काडी नव्हती, नोंद मी केली आणि खोटी केली, त्या डोळ्यात बंदुकीचा छर्रा आहे.

डोमाजी पलंगावर उठून बसला. इतका संतापलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता. ओरडला मात्र नाही. "तुम्ही नळीले हात लावला नव्हता," तो म्हणाला, "पण मटन खाल्लं होतं ना, नानाजीभाऊ?"

खाल्लं होतं, असं मी मान हलवून कबूल केलं.

डॉक्टरीणबाईंना यातलं काही कळलं नाही, कळून घ्यायचंही नव्हतं. त्यांनी पलंग दारापासून मागे घ्यायला लावला आणि एकच प्रश्न विचारला. छर्रा कशाचा होता, शिशाचा की लोखंडाचा? बहुतेक छर्रे शिशाचे असतात. शिशाला चुंबक ओढत नाही, मग काळजी नाही, आत्ताही आत जाता येईल. लोखंडाचा असेल तर मुळीच नाही.

डोमाजीला हवं तेच मिळालं. शिसंच होतं, तो म्हणाला. त्याला कसं माहीत? भरणाऱ्याने सांगितलं होतं. तो भरणारा कुठे आहे, त्याला विचारता येईल का?

"तो मरून गेला," डोमाजी म्हणाला.

हे त्याने लच्छूच्या देखत म्हटलं. लच्छू त्याच्यापासून चार पावलांवर बसला होता. डॉक्टरीणबाई हातातला कागद पाहत होत्या, बहुतेक ठरवत होत्या. मग लच्छू उठला. तो रडत होता आणि नाक पुसायचंही त्याला सुचत नव्हतं.

"मी मेलो नाई, भाटवे," तो म्हणाला. "मी इथीच आहो. शिसं सरलं होतं. मी दुकानातले सायकलचे छर्रे भरले होते."

डोमाजीने तोंड भिंतीकडे फिरवलं. सायकलच्या चाकातले छर्रे, म्हणजे अस्सल पोलाद. डॉक्टरीणबाईंनी हातातला कागद आडवा फाडला आणि मोठा श्वास सोडला. आपण काय करणार होतो हे त्यांनाही तेव्हाच कळलं असावं.

मग एक्सरे झाला. डोळ्याच्या मागच्या बाजूला वाटाण्याहून बारीक, अगदी गोल पांढरा ठिपका होता. डोळ्यांच्या विभागात त्यांनी हातात मावेल एवढं चुंबक पापणीजवळ आणलं, तर डोमाजीने पलंगाची कड धरली आणि म्हणाला की दुखून राह्यलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की या डोळ्याने आता कधीच दिसणार नाही. डोळा काढला तर छर्राही निघेल, जखम भरायला दीड महिना लागेल, त्यानंतरच ते मशीन. पण पोटातली गाठ कॅन्सरची असली तर ती दीड महिना वाट पाहणार नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. लच्छू विचारायला लागला की दुसरा काही उपाय आहे का, दुसरं काही मशीन आहे का. डोमाजीने त्याला गप्प केलं.

"अकरा सालापासून तो डोळा नुसता बसून आहे," तो म्हणाला. "काढा."

डोळा काढला. छर्रा गंजलेला निघाला, त्यांनी तो बाटलीत घालून दाखवला. लच्छूने बाटलीकडे पाहिलं नाही. माझ्याशी डोमाजी चार दिवस बोलला नाही. पाणी दिलं तर प्यायचा, पण बोलायचा नाही. पाचव्या दिवशी त्याने विचारलं, आता हे लोक कागद कोणत्या ऑफिसले धाडतीन? मी म्हणालो, कुठेच नाही, दवाखान्याचा कागद दवाखान्यात राहतो. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी अजून लहान आहे.

तो दीड महिना आम्ही एका धर्मशाळेत काढला. रोज सकाळी मी त्याच्या बरगडीखाली हात लावून पाहायचो, गाठ वाढली का, आणि रोज मला वाटायचं की वाढली. कंपाउंडर आहे, डॉक्टर नाही, माझ्या हाताला काय कळणार? पण हात थांबत नव्हता. रजा संपली, बिनपगारी झाली. मग एका सोमवारी डोमाजी त्या जाड दारातून आत गेला आणि मी बाहेर बसून पाऊण तास त्या मशीनचे ठोके ऐकले. आत कोणीतरी पत्र्यावर हातोडा मारत आहे असा आवाज होता. बाहेर आल्यावर त्याने सांगितलं की झोप लागली होती.

चित्रं नीट पाहून, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवून मग लिहिते, असं सबनीसबाई म्हणाल्या. पत्र तुमच्या दवाखान्याच्या पत्त्यावर येईल. चेहऱ्यावरून मला काही ताडता आलं नाही. आम्ही परत आलो.

पत्र यायला सोळा दिवस लागले. मोहफुलं वेचायचे दिवस होते, गाव रिकामं असायचं. पोस्टमनने तपकिरी लिफाफा माझ्या टेबलावर ठेवला. मुंबईचा शिक्का पाहून मी तो फोडला नाही, डोमाजीला निरोप धाडला. तो आला, डोळ्याच्या खोबणीवर हिरवी पट्टी लावून. बायनाबाई मोहफुलांची टोपली तशीच काखेत घेऊन आली. आणि कसं कळलं कोण जाणे, लच्छूही आला, खाकी कपड्यांत, सायकल दवाखान्याच्या भिंतीला लावून. तो आत आला नाही, दारात उभा राहिला.

पत्र इंग्रजीत होतं, आणि माझं इंग्रजी औषधांच्या नावांपुरतं. पहिल्या ओळींत नाव आणि गाव. मग तारीख. मग असे शब्द की जे मी कधी ऐकले नव्हते. माझं बोट ओळीवरून सरकत होतं आणि तिघांचे डोळे त्या बोटावर होते. बायनाबाईने विचारलं, भाऊ, काऊन थांबले? मी म्हणालो, थांबलो नाही, वाचून राह्यलो. उजळ हा एकच शब्द मी शोधत होतो. दुसऱ्या परिच्छेदात तो नव्हता. तिसऱ्यात सापडला. दर चित्रागणिक अधिक उजळ, असं लिहिलं होतं. माझा विश्वास बसेना म्हणून मी ती ओळ तीनदा वाचली. खाली, शेवटाला, साध्या शब्दांत होतं: रक्तवाहिन्यांची गाठ, कॅन्सर नाही, सुई कधीही टाकू नये, वर्षातून एकदा तपासावं.

मी ते मोठ्याने सांगितलं. बायनाबाई टोपलीसकट खाली बसली आणि पदर तोंडात धरून रडायला लागली. मोहफुलं दवाखानाभर पसरली. मलाही रडू आलं, लपवण्यात अर्थ नाही. डोमाजी मात्र कागदाकडेच पाहत होता, भुवई आवळून.

"अजून काय लिहिलं आहे?" त्याने विचारलं.

मी म्हणालो, हेच. खाली डॉक्टरीणबाईंची सही आहे.

"सहीच्या खाली?"

काही नाही. त्याने कागद माझ्या हातातून घेतला, उलटा केला, मागची कोरी बाजू उजेडात धरून पाहिली आणि लिफाफ्यातही बोट घालून पाहिलं. त्याला अक्षरओळख नव्हती, तरी त्याने तो कागद असा तपासला की जणू त्यात विंचू असेल.

"डोळ्याचं काही? बंदुकीचं?"

मी पुन्हा वाचलं. जुनी इजा, डावा डोळा काढलेला, एवढीच अर्धी ओळ होती. ती मी सांगितली.

"मंग लच्छूचं नाव कुठीच नाई?" त्याने विचारलं. "नीट पाहा."

मला आधी संताप आला, की या माणसाला जीव परत मिळाला आणि हा हे काय विचारतो आहे. मग कळलं की गेले दोन महिने, धर्मशाळेत, त्या मशीनमध्ये, पोस्टमनची वाट पाहताना, तो हीच एक गोष्ट धरून बसला होता. मी जेव्हा त्याच्या पोटातली गाठ चाचपत होतो तेव्हा तो या कागदाला घाबरत होता. दारात उभ्या असलेल्या लच्छूने चौकट धरली.

"नाई," मी म्हणालो. "कुठीच नाई."

"मंग सुटलो," डोमाजी म्हणाला आणि स्टुलावर बसला. हिरव्या पट्टीखालून घाम निघाला होता, तो त्याने दुपट्ट्याने पुसला. मग त्याचं लक्ष खाली बसलेल्या बायनाबाईकडे आणि पसरलेल्या मोहफुलांकडे गेलं, आणि त्याने मला विचारलं की ही रडून काऊन राह्यली, कागदात काही वाईट निघालं का.

त्याने गाठीचं ऐकलंच नव्हतं. मला ते पत्र त्याच्यासाठी पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचावं लागलं.